ताट घेऊन व्हरांड्यात

थँक्सगिव्हिंगची टर्की अख्खा देश गुरुवारी खातो, टॅन्सली मंडळी शनिवारी. गुरुवार वॉशिंग्टनने ठरवलेला, आणि आभार कधी मानायचे हे वॉशिंग्टनने सांगायचं काही कारण नाही, असं ऑरिन टॅन्सलीचं म्हणणं. आमच्या कोलोराडोच्या डोंगरात यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. हिल्डा हसून सोडून द्यायची. "शनिवारी खाटीक रिकामा बसलेला असतो," ती म्हणायची, "हवी ती टर्की निवडून घेता येते."

पण सासष्ट सालच्या त्या शनिवारी हिल्डाला हसू फुटत नव्हतं. तिने ओव्हनमधून टर्की बाहेर ओढली, पळीने तिच्यावर रस सोडला, आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकट्या कॅलच्याच आवडीचं करत सुटलोय. मक्याच्या पावाचं सारण, भाजलेली रताळी, पीच भरून भाजलेली गोड पाय. फाशी जाणाऱ्याला विचारून रांधावं तसं. या विचाराने ती स्वतःवरच भडकली आणि ओव्हनचं दार तिने धाडकन लावलं.

कॅल तिचा नातू. वेंडेल आणि मार्जोरीचा एकुलता एक, वीस वर्षांचा. गेल्याच आठवड्यात डेन्व्हरला लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला चड्डीवर उभा करून तपासलं आणि धडधाकट ठरवलं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असता तर शिक्षण होईपर्यंत त्याला कोणी हात लावला नसता. पण पोरगं शिकत होतं आजोबांच्या कॉलेजात, आणि आजोबांच्या टिंबर फोर्क कॉलेजला मान्यता नव्हती. माणसं सक्तीने सैन्यात घेणाऱ्या भरती मंडळाच्या लेखी तो शिकतच नव्हता. येत्या बुधवारी मंडळाची बैठक होती. तिथे नाव निघालं की पुढे व्हिएतनाम.

मान्यता नव्हती म्हणजे कोणी नाकारली होती असं नव्हे. ऑरिनने ती मागितलीच नव्हती. त्रेपन्न साली प्वेब्लोच्या वर्तमानपत्रातली संपादकाची खुर्ची सोडून त्याने हा उतार विकत घेतला, तेव्हा इथे पाइनची झाडं आणि एक गळकी झोपडी, एवढंच होतं. पहिल्या उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्यांनीच झाडं तोडून जेवणाची खोली बांधली. एक नर्स होती, एक ट्रकवाला होता, दोन दुकानदार होते. हिल्डा तंबूत चूल पेटवून त्या सगळ्यांचं करायची आणि संध्याकाळी ओंडक्यावर बसून नवऱ्याची व्याख्यानं ऐकायची. माणसाला माणसाने जबरदस्ती करू नये, मग ती बंदुकीने असो की कायद्याने, हा त्यातला सारांश. हजेरी नाही, परीक्षा नाही, पदवीच्या भेंडोळ्या नाहीत. "शिकणारा मला निवडतो, मी त्याला निवडतो," ऑरिन म्हणायचा. "मध्ये शिक्का मारणारा तिसरा कोण?"

हिल्डाला हे पटायचं. अजूनही पटत होतं. तेच तर अवघड होऊन बसलं होतं.

जेवायला ते सहाच जण होते, विद्यार्थी आपापल्या घरी गेले होते. ऑरिन टेबलाच्या टोकाला बसला, एकाहत्तरीचा, ताठ. त्याच्या उजव्या हाताला वेंडेल. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि वडिलांच्या वाक्याचा शेवट स्वतःच करून टाकायचा. समोर मार्जोरी, तिने ताटात काही घेतलंच नव्हतं. लुएला, वेंडेलची धाकटी बहीण, कॉलेजचं ऑफिस सांभाळणारी, आली तीच कोट न काढता. आणि कॅल, मान खाली घालून रताळ्याचे तुकडे करणारा.

या घरातली एक रीत इथे सांगायलाच हवी. टॅन्सलींच्यात हात वर करून मतं मोजत नसत. चौघांना हवं म्हणून ते पाचव्याच्या गळ्यात मारायचं ही ऑरिनच्या मते दरोडेखोरीच, फक्त सभ्य कपड्यातली. मग ठरायचं कसं? बोलून बोलून. आणि तरीही ज्याला पटलं नसेल त्याने आपलं ताट उचलायचं आणि व्हरांड्यात जाऊन जेवायचं. त्याचा अर्थ, मला मान्य नाही, पण मी तुमच्या आड येत नाही, तुम्ही करा. आतल्यांनी त्याला हाक मारायची नाही आणि समजूत घालायला मागे जायचं नाही. लुएला नऊ वर्षांची असताना माशाच्या तेलावरून अख्खा हिवाळा व्हरांड्यात जेवली होती. हिल्डा जेवली होती, वेंडेल जेवला होता, मार्जोरी लग्नाच्या पहिल्याच वर्षी जेवली होती. पुढे विद्यार्थ्यांनीही ही रीत उचलली. व्हरांड्यात कधी गेला नव्हता तो एक ऑरिन.

"मला कोणी पटवून दिलं तर मी हो म्हणेन की," तो म्हणायचा. "आजवर कोणी पटवलंच नाही."

लुएलाने कोट काढला आणि थेट विषयाला हात घातला.

"बाबा, काल मी भरती मंडळाच्या अध्यक्षांना भेटले. बरा आहे माणूस. म्हणाला, तुमच्या कॉलेजने मान्यतेचा अर्ज केलाय एवढं बुधवारच्या आत कळलं, तरी आम्ही मुलाचं नाव बाजूला ठेवू. मान्यता मिळायची तेव्हा मिळो."

"आणि कोणाकडे करायचा हा अर्ज?" ऑरिनने विचारलं. त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मान्यता समितीकडे. दुसरं कोणाकडे?"

"म्हणजे मी टोपी हातात घेऊन जायचं. प्लीज, साहेब, मी शिकवतो ते शिकवणं आहे का हो, तेवढं सांगता?"

"एक प्लीज म्हटल्याने कोणाची जीभ झडलेली नाही," लुएला म्हणाली.

"याची झडेल," हिल्डा बटाटे पुढे सरकवत म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं झाली लग्नाला, मला नाही कधी म्हणाला."

कॅल तेवढ्यापुरता हसला. मार्जोरी हसली नाही. तिला या घरातल्या या थट्टेचा आज वीट आला होता. कसलंही संकट येवो, ही माणसं आधी त्याच्यावर दोन वाक्यं छान बोलून घेतात.

"मी बोल्डरला जाऊन आले," ती म्हणाली. "विद्यापीठात. म्हटलं कॅलला तिकडे घाला. त्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, याने तुमच्याकडे तीन वर्षं काढली असतील, पण आमच्या हिशेबी ती शून्य. पहिल्या वर्षापासून बसावं लागेल, आणि तेही पुढच्या सप्टेंबरात."

"शून्य," ऑरिन म्हणाला.

"मी नाही म्हणत, बाबा. त्या म्हणाल्या."

"या पोराने रोमच्या करपद्धतीवर जे लिहिलंय ना, ते त्या बाईला वाचून कळणारसुद्धा नाही."

"नसेल कळत! पण त्या बाईंनी शून्य म्हटलं की माझं पोर भाताच्या चिखलात बंदूक घेऊन उभं राहणार, आणि तुम्ही म्हणता रोम!"

"मार्जोरी," वेंडेल म्हणाला.

"मला मार्जोरी मार्जोरी करू नकोस."

"बाबांचं एवढंच म्हणणं आहे की शिक्का घेतला की मग ते सांगणार, अमुक शिकवा, तमुक शिकवू नका. मग या कॉलेजात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला? तेरा वर्षं आपण कशासाठी–"

"वेंडेल, तो तुझा मुलगा आहे. अभ्यासक्रम नाही."

ऑरिनने सुरी ताटाच्या कडेला ठेवली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज मऊ होता, आणि मार्जोरीला त्या मऊपणाचाच जास्त राग आला.

"सक्तीने माणूस पकडून नेणं हा गुन्हा आहे, मार्जोरी. तो आपण केलेला नाही, त्यांनी केलाय. कॅल नाही म्हणू शकतो. तुरुंगात टाकतील. मी रोज भेटायला जाईन. पण त्यातून सुटण्यासाठी त्यांच्याच दाराशी जाऊन परवाना मागायचा, म्हणजे त्यांचा हक्क मान्य केल्यासारखं झालं."

"तुमच्या तत्त्वासाठी माझ्या मुलाने तुरुंगात जायचं?"

"तत्त्व त्याचंही आहे."

हिल्डा उठली. पीचची पाय आणायला उठली असं सगळ्यांना वाटलं, पण ती खुर्चीच्या पाठीला धरून तिथेच उभी राहिली. चार वर्षं ती एक गोष्ट पोटात घेऊन वावरत होती. नवऱ्याला तोंडघशी पाडायचं तिच्या जिवावर येत होतं, पण समोर मार्जोरीचं रिकामं ताट होतं.

"ऑरिन, तो माणूस आला होता ते सांग," ती म्हणाली.

"कोणता माणूस?" लुएलाने विचारलं.

"समितीचा. बासष्टच्या उन्हाळ्यात. तू तेव्हा आजारी होतीस, डेन्व्हरला, मार्जोरी आणि कॅल तुझ्यापाशी. कोणी बोलावलं नव्हतं, आपण होऊन आला. दोन दिवस वर्गात मागे बसून ऐकलं त्याने. माझ्या हातची पीचची पाय खाल्ली, दोनदा मागून घेतली. जाताना म्हणाला, मिस्टर टॅन्सली, असं शिकवणं मी कुठे पाहिलं नाही, तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकीचं मी बघतो."

"मागावी लागणार नव्हती?" मार्जोरीचा आवाज एकदम बारीक झाला. "आयती मिळत होती?"

"मी त्याला विचारलं, मला तपासायचा अधिकार तुला कोणी दिला," ऑरिन म्हणाला. "त्याला उत्तर देता आलं नाही."

"आणि त्याला परत पाठवलंत."

"हसत हसत गेला तो. भांडण नाही झालं."

मार्जोरीने नवऱ्याकडे पाहिलं. वेंडेल मिठाच्या डबीशी चाळा करत होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि लग्नाच्या बावीस वर्षांत तिला एवढं कळायला लागलं होतं की त्याचे कान कधी लाल होतात.

"तुला ठाऊक होतं."

"मार्जोरी, तेव्हा कॅल सोळाचा होता. युद्धाचं नावही कोणी–"

"तुला ठाऊक होतं, आणि गेला महिनाभर मी रडते आहे, तू माझ्या शेजारी झोपतोस, आणि मूग गिळून गप्प."

बासष्टच्या त्या दुपारी व्हरांड्याच्या पायरीवर वेंडेलही उभा होता. समितीचा माणूस गाडीत बसून गेला तेव्हा त्याने वडिलांच्या पाठीवर थाप मारली होती. किती अभिमान वाटला होता! आपला बाप कोणापुढे वाकत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी बापाला उलट बोलायचं कसं हे त्याला येतच नव्हतं, आणि ते तसंच बोबडं बाहेर आलं.

"बाबा, अर्ज करा."

ऑरिनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"करा अर्ज. मी चुकलो तेव्हा. तुम्हीही चुकलात. तुम्ही त्या माणसाला हरवायला बसला होतात. तो काही हरवायला आला नव्हता, त्याला आपलं काम आवडलं होतं. तुम्हाला एवढंही दिसलं नाही."

"हे बघ, आता सगळं बाबांच्या डोक्यावर फोडू नकोस हं!" लुएला उसळली. मघाशी अर्जाचा आग्रह धरणारी तीच. वडिलांचा चेहरा उतरलेला तिला बघवला नाही. "ते तसे नसते तर हे कॉलेज उभंच राहिलं नसतं. अर्ध्या देशातून माणसं येतात इथे, ती काय शिक्का बघून येतात? आणि कॅलला इथे कोणी ठेवला? तूच ना? मिरवत होतास, माझा मुलगा सरकारी शाळेत गेला नाही म्हणून!"

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग एकट्या बाबांना कशाला धारेवर धरतोस?"

"कारण सही यांची लागते!"

दोघं भावंडं पोरांसारखी तणतणत होती. आणि हिल्डाच्या मनात आलं, या घरात कोणी कोणाच्या वतीने बोलायचं नाही असा दंडक. तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घोकून घोकून सांगितलेला. आणि अर्ध्या तासापासून आपण पाच जण या पोराच्या वतीने भांडतोय.

"अरे, कॅलला विचारलं का कोणी?" ती म्हणाली.

कॅलने मान वर केली. आजोबांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी होता तो. वादात हरायचा नाही. आता तो काय बोलणार हे प्रत्येकाला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटलं. मार्जोरीने तर डोळेच मिटले. म्हणेल आता, आजोबा, माझ्यासाठी वाकू नका. म्हणेल, मी तुरुंगात जातो.

"मला भीती वाटते," कॅल म्हणाला.

त्याने काटा खाली ठेवला.

"तुरुंगाचीपण वाटते. तिकडे जायची तर वाटतेच. डेन्व्हरला माझ्या पुढे रांगेत एक मुलगा होता, तो सारखा विनोद सांगत होता आणि त्याचे पाय थरथरत होते. मला मुद्दे सगळे माहीत आहेत, आजोबा. तुमची बाजू मी तुमच्यापेक्षा चांगली मांडू शकेन. आठवडाभर स्वतःशी मांडतोय. पण मला जायचं नाहीये. तुम्ही अर्ज करावा असं मला वाटतं."

मार्जोरीने तोंडावर हात दाबला.

ऑरिन नातवाकडे बघत राहिला. सतरा साली, पहिल्या महायुद्धात, तोही असाच बापाच्या टेबलाशी बसला होता. बावीस वर्षांचा होता, भरतीत नाव निघालेलं. मला भीती वाटते, हेच शब्द तो बापाला बोलला होता, आणि बाप म्हणाला होता, भीती वाटली तरी जावं लागतं, कायदा आहे. मग फ्रान्स, चिखल, आणि तिथेच मेलेला शेजारच्या गावचा ऑटो केम्प, ज्याच्याबद्दल तो हिल्डाशीसुद्धा कधी बोलला नाही. परत आल्यावर त्याने शपथ घेतली की आपल्या घरात हे असं कधी कोणाला ऐकावं लागणार नाही. त्याची व्याख्यानं, हे ओंडक्यांचं कॉलेज, सगळं त्या एका टेबलापासून सुरू झालं होतं. आणि आज पोरगं तेच बोललं, तर आपण त्याला सांगतोय, तत्त्व आहे.

त्याला रडू आलं. पंचाहत्तर पानांचं व्याख्यान तोंडपाठ असलेल्या माणसाला एक शब्द सापडेना. 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेही निघेना. खरंच पटलं नव्हतं त्याला. शिक्का मागणं चूक, हे त्याला अजूनही चूकच वाटत होतं. आणि नाही म्हणायची तर ताकदच उरली नव्हती.

त्याने हळूहळू खुर्ची मागे सरकवली. मग आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं.

लुएलाचा हात ग्लासावर तसाच राहिला. ऑरिन टेबलाला वळसा घालून निघाला, दाराशी क्षणभर अडखळला, कारण दोन्ही हातांत ताट असताना ते दार कसं उघडतात हे त्याला ठाऊक नव्हतं, बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने कोपराने कडी वर केली. बाहेरची थंड हवा आत आली आणि दार लागलं.

वेंडेल टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. मार्जोरी उठली आणि इतका वेळ रागावलेला तिचा हात त्याच्या केसांवर जाऊन बसला.

"आई, ते कोट न घालता गेले," लुएला म्हणाली.

"हाक मारायची नाही," हिल्डा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ते तिने ॲप्रनला पुसले. "बस. अर्ज कसा लिहायचा ते बोलू. आता आपलंच ठरवायचं आहे."

कॅल उठला. त्याने आजोबांचा कोट खुंटीवरून घेतला, खांद्यावर टाकला. मग आपलं ताट घेतलं, आणि दुसऱ्या हातात ग्रेव्हीचं भांडं.

"कॅल, मागे जायचं नसतं," लुएला आत्या म्हणाली.

"समजूत घालायला जायचं नसतं," कॅल म्हणाला. "मी जेवायला चाललोय."

ऑरिन पायरीवर बसला होता. ताट मांडीवर होतं आणि त्यातलं त्याने काही खाल्लं नव्हतं. समोर उतारावर बर्फ पडलेला, पहिल्या उन्हाळ्यात पोरांनी बांधलेली ती जेवणाची खोली, आणि तिच्यामागे पाइन. कॅलने त्याच्या पाठीवर कोट टाकला आणि शेजारी बसला.

"तुला पटलंय ना अर्जाचं?" ऑरिन म्हणाला. "मग इथे कशाला आलास? आत बस."

"तुमची ग्रेव्ही राहिली होती."

आतून लुएलाचा आवाज येत होता, ती कसली तरी वाक्यं जुळवत होती आणि हिल्डा ती खोडत होती.

"तो माणूस परत येईल," ऑरिन म्हणाला. "येऊ दे. वर्गात बसू दे. विचारेल त्याची उत्तरं देईन, सही करीन. वाटलं तर तुझी आजी त्याला पीचची पाय करून घालेल. पण विनंती मी करणार नाही, कॅल. मला ते जमायचं नाही. तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही."

"ती मी करीन, आजोबा. गरज माझी आहे. ज्याची गरज त्याने तोंड उघडावं, तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

"मग ती तीन वर्षं काही शून्य नव्हती."

ऑरिनने मान दुसरीकडे वळवली. खिशात रुमाल सापडला नाही, म्हणून त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. मग काट्याने बटाट्यांत एक खळगा केला, हिल्डा करते तसा, आणि ताट नातवापुढे धरलं.

"वाढ," तो म्हणाला.

कॅलने भांडं तिरकं केलं. ग्रेव्ही पडायच्या आधी म्हातारा खाकरला, आणि बर्फाकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "प्लीज."